किराण्याची वही

गेल्या वर्षी जूनमध्ये मी आयुष्यात पहिल्यांदा घरखर्चाची वही घातली. वय शेचाळीस. वीस वर्षं मुलांना उर्दू आणि मराठी शिकवतोय, निबंध तपासतोय, 'काटकसरीचे महत्त्व' या विषयावरचे तर शेकड्यानं तपासले असतील. पण आपल्या घरात महिन्याला किती तेल लागतं, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

वही घालायचं कारण थोरली. ती कराडला नर्सिंग शिकते. पहिलं वर्ष अब्बांनी ठेवलेल्या पैशांत निघालं. दुसऱ्या वर्षापासून मेसचे महिन्याला साडेचार हजार माझ्या पगारातून जाणार होते. पगार तेवढाच, घराच्या कर्जाचा हप्ता तेवढाच, अम्मीच्या गोळ्या तेवढ्याच. रेशनकार्ड पांढरं, म्हणजे स्वस्त धान्य नाही. मग हात घालायला जागा एकच उरली, ती म्हणजे स्वयंपाकघर.

घरात आम्ही चौघं. मी, बायको, अम्मी आणि आठवीतला धाकटा. जूनभर मी प्रत्येक खरेदी लिहिली. महिनाअखेर बेरीज आली ती अशी: दुकानाचा किराणा 5,150, दूध 2,700, भाजी आणि फळं 1,980, मटण-चिकन-अंडी 3,150, बेकरीचा माल, फरसाण आणि थंड पेयं 1,400, साताऱ्याच्या सुपरमार्केटची एक फेरी 2,000. एकूण 16,380 रुपये. मी आकडा दोनदा तपासला. कारण कुणी विचारलं असतं तर मी बेधडक 'दहा-अकरा हजार' असं सांगितलं असतं.

भाषेचा मास्तर असल्यामुळे वहीच्या पहिल्या पानावरच मला एक गंमत दिसली. हिशेब, जमा, खर्च, बाकी, रक्कम, तारीख, किंमत. रकान्यांवर लिहिलेला एकेक शब्द अरबी-फारसीतून मराठीत आलेला. दुकान आणि बाजारही तसेच. वर्गात मी हे मुलांना कौतुकानं सांगतो. शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हिशेब मात्र मी कधी ठेवला नव्हता.

आता कारणं शोधायला बसलो. आमच्याकडे, आणि माझ्या ओळखीच्या बहुतेक मुस्लिम घरांत, बाजार पुरुष करतात. जुम्म्याची नमाज झाली की मटण, आठवडी बाजाराला भाजी, महिन्याच्या सुरुवातीला किराणा. बायका सांगतात, आम्ही आणतो. निदान तसा समज आहे. खरं म्हणजे त्या सांगतात एक आणि आम्ही आणतो दुसरं.

पहिली सवय सापडली ती उधारीची. गल्लीतल्या दुकानात आमची वही पंधरा वर्षांची आहे. दुकानदार भला माणूस, त्यानं कधी एका पैशाचा घोळ केला नाही. घोळ माझ्याकडून होता. उधारीवर माल घेताना भाव विचारायला जीभ रेटत नाही. पैसे तर आत्ता देत नाही, वर भाव कसला करायचा? त्यामुळे तो देईल ती डाळ, तो देईल तो साबण. धाकट्याला पाठवलं की चिठ्ठीत नसलेला वेफर्सचा पुडा त्याच वहीत चढायचा. जुलैपासून मी रोखीनं घ्यायला लागलो. पंधरा दिवसांचा माल, हातात यादी, प्रत्येक जिन्नसाचा भाव विचारून. दुकानदारानं आपणहून तूरडाळीला आणि तेलाला दोन-चार रुपये कमी लावले. म्हणाला, "सर, तुम्ही कधी विचारलंच नव्हतं."

दुसरी सवय सुपरमार्केटची. औंधहून सातारा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. महिन्यातून एकदा रहिमतपूरमार्गे मोटारसायकलवर जायचं, थंडगार दुकानात ढकलगाडी घेऊन फिरायचं आणि 'एकावर एक' असं लिहिलेलं सगळं उचलायचं. आपण पैसे वाचवले या आनंदात पेट्रोल कुणी धरत नाही. मागच्या पावसाळ्यात मी असाच पाच किलो बेसन आणि पाच किलो रवा घेऊन आलो होतो. बायको डब्याकडे बघून म्हणाली, "क्या लाये जी इत्ता? किसकी शादी है?" महिनाभरात रव्यात जाळी झाली, बेसनाला किडे लागले. निम्मं टाकून दिलं. स्वस्त घेतलेल्या मालाचं खरं मोल टाकून दिलेलं वजा करूनच निघतं, ही गोष्ट मला रवा चाळणाऱ्या बाईनं नव्हे, वहीनं सांगितली. म्हणजे ती चाळताना सांगत होतीच, मी ऐकलं नव्हतं.

तिसरी गोष्ट पाकिटाची. तेलाचा एक लिटर म्हणजे वजनात साधारण 910 ग्रॅम. हल्ली शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या दिसणाऱ्या पिशव्यांपैकी एक लिटरची असते आणि दुसरी 850 मिलिलिटरची किंवा त्याहून कमी. किंमत बघून आपण दुसरी उचलतो. 2022 सालच्या नियमबदलानंतर पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा किलोचा, मिलिलिटरचा किंवा लिटरचा दरही छापलेला असतो. तो बारीक अक्षरांत असतो, पण असतो. मी हे काम धाकट्याला दिलं. चष्मा न लावता त्याला ते अक्षर दिसतं. पंधरा दिवसांत पोरगा इतका तयार झाला की दुकानात उभा राहून मोठ्यांदा सांगायचा, "अब्बा, पाच रुपयांचे पुडे घेतले तर किलोला भाव दुप्पट पडतो." दुकानदारही हसायचा.

चौथी गोष्ट मटणाची. आमच्याकडे जुम्म्याला मटण नसलं तर घरात काहीतरी बिनसलंय असं वाटतं. ते बंद करणं मला जमणारं नव्हतं. अम्मीनंच तोड काढली. ती म्हणाली, दालचा करा. हरभऱ्याच्या डाळीत दुधी घालून थोडं मटण सोडलं की अर्ध्या किलोत एका किलोचं समाधान होतं. अम्मीनं 1972 चा दुष्काळ पाहिलेला आहे. खटाव-माण भागात त्या वर्षी लोक खडी फोडायच्या कामावर गेले, सुकडी आणि परदेशातून आलेला लाल मिलो खाऊन दिवस काढले. ती तेव्हा न्हातीधुती पोर होती. घरात भाकरीचा तुकडा वाया गेलेला तिला आजही चालत नाही. माझी वही बघून ती एवढंच म्हणाली, "बरकत तराजू में नई आती, बेटा." मला वाटलं, जुन्या माणसांचं बोलणं.

सप्टेंबरची बेरीज आली 11,900. सुपरमार्केटचे दोन हजार पूर्ण वाचले होते. तिथलं गरजेचं सामान दुकानातून आलं, तरी रोखीमुळे आणि यादीमुळे किराणा पूर्वीइतकाच राहिला. बेकरीत आठशे वाचले. मटण-चिकनमध्ये 780. दूध दीड लिटरवरून एक लिटरवर आणलं, त्याचे 900. एकूण 4,480 रुपये. मेसच्या खर्चाला फक्त वीस रुपये कमी. मी शिक्षकखोलीत ही वही सगळ्यांना दाखवली. दोघांनी फोटो काढून घेतले. एक सहकारी म्हणाले, "सर, यावर लिहा काहीतरी." मी लिहायला घेतलंही होतं. बरं झालं पूर्ण केलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत थोरली घरी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता तिनं आईचा चेहरा दोन्ही हातांत धरला, अंगठ्यानं खालची पापणी ओढली आणि आत बघितलं. मग नखं बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अब्बा, अम्मीला जिना चढताना धाप लागते का?"

मला माहीत नव्हतं. धाकट्याला माहीत होतं. तो म्हणाला, "गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते तेव्हा मधेच बसते."

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 8.6. बाईच्या अंगात ते निदान 12 असावं लागतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आणखी दोन तपासण्या सांगितल्या आणि विचारलं, दिवसभरात काय खाता? ती माझ्याकडे बघून गप्प बसली. घरी आल्यावर थोरलीनं खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक बाहेर आलं. दूध एक लिटर झालं तसा अम्मीला एक पेला, धाकट्याला एक पेला, माझा दोन वेळचा चहा, आणि उरलेल्याचं दही. ती स्वतः कोरा चहा प्यायला लागली होती. अंडी आठवड्याला सहा यायची, ती धाकट्याला आणि मला. दालचातलं मटण वाढताना तिच्या वाट्याला डाळ. सकाळी रात्रीची भाकरी आणि चहा. आणि फळ? त्यावर ती हसली.

थोरली चिडली. आई म्हणाली, "सगळ्यांचं भागतंय ना? मग झालं."

त्या रात्री मी वही पुन्हा उघडली. रकाने सगळे जिनसांचे होते. तेल, डाळ, दूध, मटण. माणसांचा रकाना एकही नव्हता. अर्धा लिटर दूध कमी केलं असं मी लिहिलं होतं. कुणाचं कमी झालं हे लिहायची जागाच ठेवली नव्हती. आणि घरात काही कमी पडलं की ते कुणाच्या ताटातून जातं, हे न विचारता ठरलेलं असतं.

हे काही माझ्याच घरातलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त. हा आकडा मी पूर्वी वाचला होता, सामान्यज्ञानाच्या तासाला फळ्यावर लिहिलाही होता. तो आपल्या चुलीपाशी बसून कोरा चहा पीत असेल असं वाटलं नव्हतं. रक्तक्षयाची कारणं अनेक असतात, एकट्या काटकसरीवर मी ते सगळं ढकलत नाही. तिचं रक्त कदाचित आधीपासूनच कमी असेल. पण त्या तीन महिन्यांत मी त्यात भर घातली, हे वहीच सांगते.

आपल्याकडे उधळपट्टीला इस्राफ म्हणतात. मशिदीत, घरात, लग्नातल्या जेवणावळीवर बोलताना हा शब्द आपण सारखा वापरतो. त्याच्या दुसऱ्या टोकाचा शब्द क्वचितच तोंडात येतो. तो आहे बुख्ल, म्हणजे कंजूषपणा, हात आखडणं. दीनमध्ये दोन्ही टोकं वाईटच मानली आहेत, खर्च त्यांच्या मधला असावा असं सांगितलं आहे. मी इस्राफपासून पळालो आणि बुख्लपाशी जाऊन पोहोचलो. तोही माझ्या ताटात नाही, दुसऱ्याच्या.

मग मूळ चूक कुठे होती? मला वाटतं ती एकाच वाक्यात सांगता येते. आमच्या घरात जो विकत आणत होता तो शिजवत नव्हता, आणि जी शिजवत होती ती विकत आणत नव्हती. किडे लागलेलं बेसन आणि कोरा चहा, दोन्ही त्यातूनच आले. मी स्वस्त मिळाल्या म्हणून मेथीच्या चार जुड्या आणायचो. त्या निवडायला लागणारा दीड तास माझ्या हिशेबात नसायचा. दोन जुड्या पिवळ्या पडून जायच्या.

महागाईविरुद्धचा महाराष्ट्रातला सगळ्यांत गाजलेला लढा बायकांनी लढला, याचा अर्थ मला आता नीट कळतो. 1972 मध्ये मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि इतर अनेकींनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. थाळ्या वाजवत, लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या. तेल, साखर, रॉकेल यांचे भाव त्यांना पेपरातून कळत नव्हते, डब्याच्या तळावरून कळत होते.

आम्ही औंधात राहतो. 1939 मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्यानं घटना करून इथला राज्यकारभार लोकांच्या आणि गावपंचायतींच्या हाती दिला, हे मी दरवर्षी मुलांना अभिमानानं सांगतो. राजानं कारभार रयतेकडे दिला आणि मी घरातली साडेतीनशे पानी वही बायकोकडे द्यायला शेचाळीस वर्षांचा झालो. नोव्हेंबरपासून वही तिच्याकडे आहे. पैसेही तिच्याकडे. आठवडी बाजाराला आम्ही दोघं जातो. पहिल्या दिवशी ओळखीचे लोक वळून बघत होते. दुसऱ्या आठवड्यात कुणी बघितलं नाही.

तिनं काय बदललं ते सांगतो. दूध पुन्हा दीड लिटर केलं. अंड्यांचा तीसचा ट्रे आणायला लागली, चौघांत वाटून. भाजी दोन वेळच्या बेतानं, निवडायला वेळ आहे तेवढीच पालेभाजी. तूरडाळ कमी करून मटकी, चवळी, कुळीथ, घेवडा वाढवला. हे सगळं आपल्याच भागात पिकतं आणि थेट शेतकऱ्याच्या बायकांकडून मापानं मिळतं. मटकीला मोड आणते, वर लिंबू पिळते. लिंबानं अन्नातलं लोह अंगी लागतं आणि जेवणाबरोबर चहा घेतला की ते कमी लागतं, हे थोरलीनं सांगितलेलं तिनं पक्कं लक्षात ठेवलंय. शेंगदाणे आणि गुळाचा डबा आता ओट्यावर उघड्यावर असतो, वरच्या फळीवर नाही. आणि सगळे एकत्र जेवायला बसतात. ती शेवटी बसली की तिला काय उरलं हे कुणाला दिसत नाही, हे कारण थोरलीनं फोनवर सुनावलं.

दुसरा बदल शेजारणींच्या मदतीनं झाला. मुंबई ग्राहक पंचायतीबद्दल मी पूर्वी वाचलं होतं. 1975 पासून तिथली कुटुंबं आपापल्या वस्तीत गट करतात, महिन्याची यादी आधी लिहून देतात, माल घाऊक भावानं एकत्र येतो आणि सभासदच तो वाटून घेतात. मी घरी हे सांगितलं तेव्हा मला घाऊक भावाचं कौतुक होतं. बायकोला यादी आधी लिहून द्यायची ही गोष्ट आवडली. म्हणाली, "लिहून दिलं की ऐन वेळी हात वळवळत नाहीत." आता आमच्या गल्लीतली तीन घरं मिळून शाळू, मिरची आणि शेंगदाणे घेतात. यंदा सुगी झाल्यावर ओळखीच्या शेतकऱ्याकडून शाळू घेतला, उन्हात वाळवला, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरला. मोजणाऱ्या म्हाताऱ्यानं पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हटलं. आमच्या गावाकडची जुनी रीत. अम्मी शेजारी बसली होती. तिनं त्याच मापाला 'बरकत' म्हटलं. माप एकच होतं.

आता महिन्याचा खर्च तेरा हजारांच्या आसपास येतो. पूर्वीपेक्षा तीन-सव्वातीन हजार कमी. माझ्या 11,900 च्या विक्रमापेक्षा हजार-बाराशे जास्त. मग मेसचे राहिलेले पैसे कुठून आले?

तेही तिनंच शोधले. डिसेंबरमध्ये एके दिवशी वही घेऊन माझ्यासमोर बसली आणि विचारलं, "चौकातला चहा कुठे लिहायचा?" शाळेत जाताना एक, मधल्या सुट्टीत एक, संध्याकाळी मित्रांबरोबर एक, आणि चार जणांचे पैसे देण्याचा माझा मोठेपणा. कधी भजी, कधी मिसळ. जोडून बघितलं तर महिन्याला बाराशे रुपये. मी वही घातली ती स्वयंपाकघराची. चौक त्यात नव्हताच. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या मास्तरानं घरातलं अर्धा लिटर दूध कापलं आणि स्वतःचा चहा वहीबाहेर ठेवला. मी तो पूर्ण सोडलेला नाही. संध्याकाळचा एक कप अजून घेतो. पण तो आता लिहिला जातो, तिच्या अक्षरात.

हा मजकूर लिहितोय ते रमजान संपल्यावर. आमच्याकडे वर्षातला सगळ्यांत जास्त किराणा उपासाच्या महिन्यात येतो, हे जरा विचार केला तर चमत्कारिकच आहे. यंदा यादी आम्ही दोघांनी बसून केली. इफ्तारला खजूर, फळं, भिजवलेल्या हरभऱ्याची उसळ आणि एकच तळणीचा पदार्थ. शेजारी तबक पाठवायची रीत तशीच ठेवली, त्यात काही कमी केलं नाही. पाहुणेही आले. कुणी उपाशी गेलं नाही, आणि सकाळी उकिरड्यावर टाकायला काही उरलं नाही.

ईदला थोरली आली होती. तिनं पुन्हा आईची पापणी ओढून बघितली. मागच्या तपासणीत 11.2 आलं होतं, गोळ्या अजून चालू आहेत. मी वहीच्या शेवटच्या पानावर, बाकीच्या खाली, तो आकडाही लिहून ठेवला आहे.